रुमालाखालची लेणी

आमच्या थोरल्या साडूंच्या तावडीत सापडून लेणी न बघता सुटलेला पाहुणा लातुरात अजून जन्माला यायचा आहे. एकदा एक विमा एजंट त्यांना पॉलिसी विकायला आला. संध्याकाळी तो खरोशाच्या डोंगरावरून टाळूपासून बुटापर्यंत धुळीनं लाल होऊन उतरला, आणि पॉलिसीचं नावही न काढता मिळेल त्या गाडीनं गावी पळाला. नात्यातल्या एका मयतीला हे गेले, तर तिथं दूरदूरहून आलेल्या, डोळे पुसत बसलेल्या सोयऱ्यांना यांनी एकेक करून बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "जे झालं ते लई वाईट झालं. पण आता एवढ्या लांब आलाच हाव, तर जाता जाता...". माझं स्वतःचं सांगायचं तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, अंगावरची हळद निघाली नव्हती, तेव्हा यांनी मला अडतीच्या टेम्पोत घातलं आणि खरोशाला नेलं. नवी नवरी माहेरच्या उंबऱ्यात दिवेलागणीपर्यंत वाट बघत उभी. संसारात पुढे आमची जेवढी म्हणून भांडणं झाली, त्यातल्या प्रत्येकात ही हकिकत एकदा तरी माझ्या तोंडावर आलेली आहे.

साडू म्हणजे लातूरच्या मोंढ्यातले, धान्याच्या बाजारातले, तुरीचे अडते. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा आणि खांद्यावर रुमाल. आता रुमाल म्हणजे घाम पुसायचा तुमच्याआमच्यासारखा नव्हे. त्यात एखादं वर्षाचं मूल गुंडाळून झोपवता आलं असतं. मोंढ्यातला सौदा तेव्हा या रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसायचे, दोघांच्या हातांवर रुमाल टाकलेला, तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा, आणि खाली बोटं बोटांना भाव सांगून राहिलेली. शेजारी बसलेल्याला पत्ता लागायचा नाही. बोटं दाबत, सोडत, पुन्हा दाबत शेवटी एकानं दुसऱ्याचा अख्खा पंजा आवळला की सौदा पटला. त्याच्यापुढं मग बोलणं नाही. पंजा आवळल्यावर जो मागं फिरला, त्याला मोंढ्यात कुणी चहासुद्धा विचारत नसे. उभा जन्म या रुमालाखाली गेल्यामुळे साडूंचा डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. "डोळा दलाल हाय, साडूभाऊ," ते मला सांगायचे, "मधल्यामधी खातंय. मालाची गाठ हाताशीच घालावी." म्हणून ते भाजी चाचपून घ्यायचे, जोडा चाचपून घ्यायचे, आणि पाहुणा जरा घरोब्याचा झाला की त्याचं तोंडही चाचपून बघायचे. माझ्या नाकावरून त्यांनी अंगठा फिरवला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. "शेंडा घासलाय," ते सासऱ्यांना म्हणाले, "पर मूळचं काम बरं हाय."

या माणसाला लेण्यांचं वेड आधीपासून होतंच, पण ते उनाड होतं. आज वेळ मिळाला की धाराशिव, उद्या माहूर, असं. वेडाला मुक्काम मिळाला तो जिल्हा झाला तेव्हा. उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला त्या दिवशी अख्ख्या गावात फटाके उडत होते, मोंढ्यात हमालांनी एकमेकांना गुळाच्या ढेपा भरवल्या, आणि आमचे साडू मात्र सोप्यात गुडघ्यात मान घालून बसले होते. मी आमच्या हदगावहून पेढे घेऊन आलो होतो. म्हटलं, "काय झालं? बरं नाही का?"

"वाटणी झाली," ते म्हणाले.

"कुणाची?"

"आपली. धाराशिवची लेणी तिकडं गेली. थोरल्यानं वाड्याची चावी ठिवून घेतली, अन् धाकट्याच्या हाती म्हशीचं दावं दिलं."

मी म्हटलं, अहो, तुमच्याकडे कलेक्टर आला, कचेऱ्या येणार, रस्ते होणार. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसा मी तुरीत निघालेला खडाच. मग एकाएकी उठले, रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "असू द्या. आपल्याला खरोसा हाय." त्या क्षणापासून खरोशाला वकील मिळाला. जिल्हा नवा असल्यामुळे रोज कुठला तरी साहेब बदलून यायचा. त्याच्या खात्याला अजून खुर्ची मिळालेली नसायची, टेबल कुठल्या तरी शाळेतून उसनं आणलेलं असायचं, पण आमचे साडू दारात हजर. "साहेब, जिल्हा समजून घ्यायचा तर मुळापासून घ्या," असं म्हणून त्याला गाडीत घालायचे. दुष्काळी कामांची पाहणी करायला निघालेल्या एका साहेबाची जीप त्यांनी अशीच वाकडी करून डोंगराला नेली होती. साहेब रात्री घरी जाऊन बायकोला म्हणाला म्हणे, की या जिल्ह्यात दुष्काळापेक्षा गंभीर एक गोष्ट आहे.

आता खरोशाची लेणी वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. फार जुनी आहेत, शिव आहे, विष्णू आहे, बुद्ध आहे, सगळे शेजारी शेजारी एका डोंगरात नांदतात. पण दगड पडला जांभा. मऊ, भोकाभोकांचा, गूळ चाटावा तसा वाऱ्यापावसानं चाटून चाटून ठेवलेला. आपण आत जातो, अंधाराला डोळे सरावतात, आणि मग दिसतं की अंधार होता तेच बरं होतं. एक उंचवटा, एक खळगा, पुन्हा एक उंचवटा. साडूंना त्यात अख्खा रावण कैलास हलवताना दिसायचा. दिसायचा म्हणजे लागायचा. ते आपला हात धरून भिंतीवर ठेवायचे, वरून रुमाल टाकायचे आणि डोळे मिटायला लावायचे. "हं. हा गुडघा. आता वर या. ही मांडी. सावकाश, देवी बसलीय तिथं. भ्याली बिचारी, म्हणून कलली हाय." रुमालाखाली त्यांचं बोट आपल्या बोटाला ढकलत न्यायचं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यासारख्या पाटबंधारे खात्यातल्या माणसालाही एखाद्या वेळी खरंच काहीतरी लागायचं. कुणीतरी कललेलं आहे, घाबरलेलं आहे, असं बोटाच्या टोकाला कळायचं. रुमाल काढला की पुन्हा गूळ.

त्यात दुष्काळ आलेला. पाटबंधारे खात्यात असणं म्हणजे त्या साली टकल्या माणसाकडे फणी सांभाळायला असल्यासारखं होतं. लातुरात टँकर यायचा तो पाहुण्यासारखा, कधी येईल सांगता येत नाही आणि आला की पुरत नाही. गावोगाव रस्त्याच्या कडेला बायाबापड्या खडी फोडत बसलेल्या. आमचे साडू टेम्पो थांबवून प्रत्येक ढिगापाशी उतरायचे आणि एकेक खडा उचलून हातात फिरवायचे. न जाणो कुणी चुकून देव फोडला असला तर! बाया हसायच्या. एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "अप्पा, भाव ठरवून राहिलाव का काय?" असे संशयित दगड ते घरी आणायचे. यात कोपर आहे, हा मुकुटाचा तुकडा आहे, ही नंदीची शेपटी आहे. आमच्या मेव्हणीनं, म्हणजे अक्कानं, कोपर लोणच्याच्या बरणीवर ठेवलं होतं आणि मुकुटानं दार अडवलं होतं. "पाणी ठिवायला एक घागर घ्या म्हटलं तर जागा न्हाई," अक्का कपाळावर हात मारायची, "पर दगडं ठिवायला अख्खी माडी हाय यांच्याकडं!"

अक्काचं खरं दुखणं मात्र दगड नव्हते. एकुलती एक लेक गौरा, बी. ए. झालेली, गव्हाळ, हसरी, बापाची थट्टा तोंडावर करणारी. तिच्या लग्नाचं वय चाललं होतं आणि साडू येणारं प्रत्येक स्थळ खरोशाला नेत होते. मुलगी बघायला आलेल्यांनी आधी लेणी बघायची. त्या परीक्षेत पास व्हायची सोयच नव्हती. उदगीरच्या एका दुकानदाराचा पोरगा म्हणाला, "मला तर काहीच दिसेना झालंय." हे म्हणाले, आंधळ्याला पोरगी देणार न्हाई. जळकोटच्या पोराला कुणीतरी आधीच सावध केलं होतं. तो आत शिरल्यापासून "वा, वा" करत सुटला. साडूंनी त्याला मुद्दाम एका कोऱ्या भिंतीपुढं उभं केलं. "काय नाक आहे!" पोरगा म्हणाला. लबाडाला पोरगी देणार न्हाई. शिरूर अनंतपाळहून एक इंजिनियर आला होता, त्यानं मोठ्या आपुलकीनं सुचवलं की थोडं सिमेंट लावलं तर हे सगळं नीट करून घेता येईल. त्याला तर डोंगरावरच सोडून टेम्पो निघाला होता, सोबत आलेल्या अक्कानं ओरडून थांबवला. "मंग पोरीनं लगीन काय दगडासंगं करायचं?" अक्कानं विचारलं. साडू म्हणाले, "दगड वाईट नसतंय."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. पण एक दिवस मी कामानिमित्त लातुरात होतो, तर गौरा मला टँकरच्या रांगेत घेऊन गेली. घागर उचलायला नव्हे, बोलायला. नव्या कलेक्टर कचेरीत एक कारकून वेरूळकडून आला होता. यांच्याच गल्लीत खोली घेऊन राहायचा, आणि टँकरच्या रांगेत हिच्या मागे उभा राहायचा. जातकुळी जुळत होती, घर चांगलं होतं, आणि मुख्य म्हणजे रांग लांब होती.

"काका," ती म्हणाली, "त्याची परत तिकडं बदली झालीय. जायच्या आधी त्याचे वडील बघायला येणारेत. अप्पांनी यांनाबी डोंगरावर नेऊन वाटेला लावलं, तर मी दुसरं कुणी बघायची न्हाई. तुमी सांगा त्यांना."

"मी सांगून ऐकतील?"

"न्हाई ऐकणार," ती म्हणाली आणि हसली, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या साली ते फार महाग होतं.

मी त्या रात्री जेवताना साडूंपुढं विषय काढला. वेरूळचं नाव ऐकताच त्यांच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. "वेरूळ?" ते म्हणाले. "तिथं बगायचं काय? सगळं दिसतंय." मग तोच तुकडा पुन्हा पुन्हा कालवणात बुडवत राहिले. शेवटी म्हणाले, "लई लांब हाय हो ते." मला त्या वेळी वाटलं की ते लेण्यांबद्दलच बोलून राहिले. मी तसा मंदच.

मुलाचे वडील आले. चित्रकलेचे मास्तर होते, निवृत्त झालेले. बारीक, ताठ, धोतराची घडी मोडणार नाही अशा बेतानं बसणारे. आयुष्यभर त्यांनी मुलांकडून कैलास लेण्याचे हत्ती काढून घेतले होते. पोहे झाले, चहा झाला, मुलीला प्रश्न विचारून झाले, आणि अक्का देवाचं नाव घेत असतानाच साडू उठले. "गुरुजी, आता एवढ्या लांब आलाच हाव..." गौरानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

टेम्पोत पुढे दोघे बाप, मागे तुरीच्या रिकाम्या पोत्यांवर मी, गौरा आणि तिचा कारकून, आणि मध्ये पाण्याचं मडकं. ते मी मांडीत असं धरलं होतं की पोटचं पोर असतं तरी इतकं जपलं नसतं. ऊन असं होतं की डोंगर दिसत नव्हता, नुसता लवलवत होता. वाटेत पुढून आवाज येत होते. मास्तर सांगत होते, "आमचा कैलास वरून खाली खोदलाय. आधी कळस, मग पाया." साडू म्हणाले, "त्यात काय? आमचा जिल्हाबी तसाच केलाय. आधी कलेक्टर आला, कचेरीचा पाया अजून खोदून राहिलेत." कारकून हसला. मागं वळून साडूंनी एवढ्या करड्या नजरेनं पाहिलं की त्याचं हसू तुरीच्या पोत्यात शिरलं.

लेण्यात शिरल्यावर मास्तरांनी चष्मा पुसला, भिंतीला नाक लावलं, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. आम्ही सगळ्यांनी मागून माना पुढं काढल्या. वटवाघळांनीसुद्धा. मग ते अगदी शांतपणे म्हणाले, "इथं काही नाही."

गौरानं खाली बसून घेतलं. साडूंच्या तोंडावर मात्र राग दिसेना. उलट, त्यांचं तोंड पाहून मला मोंढ्यातली ती दुपार आठवली, जेव्हा एक नको असलेला सौदा आपोआप फिसकटला होता आणि ते हळूच सुपारी कातरायला लागले होते. तेव्हा कुठं माझ्या मंद डोक्यात उजेड पडला. उदगीरचा आंधळा नव्हता, जळकोटचा लबाड असला तरी एवढा नव्हता, आणि सिमेंटवाल्याचं मन साफ होतं. या माणसाला कुणालाच पास करायचं नव्हतं. लेकीला घरात ठेवायला त्यानं अख्खा डोंगर आडवा घातला होता.

तरी रीत ती रीत. "असं डोळ्यांनी न्हाई, गुरुजी," ते खुशीत येऊन म्हणाले. मास्तरांचा हात भिंतीवर ठेवला, वर रुमाल टाकला, डोळे मिटायला लावले. "हा शंकराचा पाय. वर या. ही पार्वती. आता हितं जरा थांबा." मास्तर नाखुशीनं थांबले. बोट पुढं सरकलं. आणि त्या ताठ म्हाताऱ्याच्या भुवया वर चढल्या. "अरे!" ते म्हणाले. "पैंजण आहे!" साडू चपापले. मास्तरांची बोटं आता कुणी ढकलायची वाट बघत नव्हती. चित्रं काढण्यात आयुष्य गेलेली बोटं ती, रुमालाखाली उंदरासारखी पळत सुटली. "ही कंबर. इथं वळली आहे. वा! अहो, हा दंड. इथून हात खाली येतोय... हात आहे! पूर्ण हात आहे! कुठं झिजलाय? बोटंसुद्धा आहेत! अहो, नखं आहेत नखं! काय कारागीर असेल हो, हात अजून ऊन लागतोय!" आणि भारावून जाऊन त्यांनी देवीचा तो हात दोन्ही पंजांत घट्ट आवळला.

"गुरुजी," साडू अगदी बारीक आवाजात म्हणाले, "त्यो माझा हाय."

कारकुनानं तोंडात रुमाल कोंबला. मी मडक्यामागं लपलो. मास्तरांनी डोळे उघडले, पण त्यांना काय बिघडलं ते कळेना. चूक झाली, माफ करा, म्हणत ते हसायला लागले. हसत नव्हती ती दोन माणसं. रुमालाखाली आवळलेला पंजा कसा दिसतो, हे अडत्याच्या घरात वाढलेल्या लेकीला सांगावं लागत नाही. गौरा उठून उभी राहिली होती आणि बापाकडे बघत होती. बाप तिच्याकडे बघत होता. मास्तरांना मोंढ्याचा रिवाज ठाऊक नव्हता, कारकुनाला ठाऊक नव्हता. साडूंनी नुसता हात ओढून घेतला असता आणि चला म्हटलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. गौरानंही विचारलं नसतं, हे मला तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. ती फक्त बघत होती.

साडूंनी मोकळ्या हातानं रुमाल सारखा केला. "हात सोडू नका, गुरुजी," ते म्हणाले. "सौदा पटला."

"कसला सौदा?" मास्तर म्हणाले.

"पोरगी तुमची झाली."

लेण्यातून बाहेर येऊन आम्ही त्या मडक्यातल्या पाण्यानं तोंड गोड केलं, कारण दुसरं काही नव्हतं. मास्तर उतरेपर्यंत पार्वतीच्या पैंजणाबद्दलच बोलत होते. साडू सगळ्यांच्या मागून, एकटे, चपला हातात घेऊन चालत आले. अक्काला बातमी कळली तेव्हा तिनं आधी देवाला आणि मग, पहिल्यांदाच, दाराशी पडलेल्या मुकुटाला हळदकुंकू लावलं.

गौरा सासरी गेली आणि आम्हाला वाटलं, साडू आता वेरूळच्या वाटेकडे पाठ फिरवून झोपतील. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी उगीच जाऊन राहत नाही. तिला मूल होईपर्यंत तिथलं पाणीसुद्धा पीत नाही. जायला काहीतरी काम लागतं. पुढच्याच महिन्यात साडू अडतीवर जाहीर करते झाले की एवढं नाव ऐकतो, तर एकदा त्या वेरूळची लेणी बघून यावीत म्हणतो. आणि गेले. परत आले तेव्हा मी विचारलं, "कसा काय कैलास?"

"न्हाई बगणं झालं," ते म्हणाले. "ऊन लई होतं. पुन्यांदा जावं लागंल."

पुढच्या खेपेला गर्दी होती. त्याच्या पुढच्या खेपेला सोमवार होता आणि उपास होता. मग एकदा पाऊस लागला, खरा पाऊस, सगळा मराठवाडा आनंदला, आणि साडू म्हणाले की पावसात कुठं लेणी बघतात? गौराला मुलगी झाली, ती चालायला लागली, तरी यांची लेणी बघायची राहिलेलीच. शेवटी एकदा मी हट्टानं त्यांच्याबरोबर गेलो. मास्तरांच्या ओसरीवर बसून ते नातीच्या पायात वाळे चढवत होते. ती पाय झाडत होती, आणि गौरा आतून ओरडत होती, "अप्पा, तिला निजू द्या की!" कैलास तिथून हाकेच्या अंतरावर. मी म्हटलं, "उठा आता. मी आलोय, ऊन नाही, गर्दी नाही, सोमवार नाही. अर्ध्या तासात बघून होईल."

त्यांनी आधी आत गौरा ऐकत नाही ना ते पाहिलं. मग वाळ्याची कडी हळूच दाबून बसवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बगून झालं, तर पुन्यांदा कोणत्या तोंडानं येऊ, साडूभाऊ?"

मी गुपचूप पुन्हा खाली बसलो. आतून चहा आला. बशीत ओतून, फुंकर घालून आम्ही दोघांनी तो प्यायला, आणि संध्याकाळच्या गाडीनं, लेणी न बघता, परत आलो.